'फिक्स' या क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं? नववीतल्या मुलीच्या प्रश्नावरून

पाटीपेन्सिल

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीला नत्रचक्र घेत होतो. फळ्यावर 'नायट्रोजनचे स्थिरीकरण' असं लिहिलं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. "सर, नायट्रोजन आधीच स्थिर आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना? हवेत नुसता पडून असतो, कशाशी लवकर जुळत नाही. मग त्याला आणखी स्थिर कशाला करायचं? रायझोबियम तर त्याला उलट अस्थिर करतंय."

तिचं बरोबर आहे. नत्राच्या रेणूत दोन अणू तीन बंधांनी जखडलेले असतात. तो बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. हवेत ७८ टक्के नत्र असूनही पीक नत्रावाचून पिवळं पडतं ते याच कारणाने. मुळावरच्या गाठीतले रायझोबियम जिवाणू हा बंध तोडून अमोनिया बनवतात, आणि अमोनिया हा नत्राच्या रेणूपेक्षा कितीतरी चळवळ्या. म्हणजे 'स्थिरीकरण' होऊन जे तयार होतं ते आधीपेक्षा कमी स्थिर! पंधरा वर्षं मी हा शब्द शिकवतोय, पण ही विसंगती मला एका मुलीने दाखवली.

मग मूळ इंग्रजी क्रियापदाकडे गेलो. 'फिक्स'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'फिगेरे' आहे. अर्थ खिळ्यासारखं ठोकून बसवणे, एका जागी पक्कं करणे. आपण बोलताना हा शब्द सहज वापरतो: तारीख फिक्स, जागा फिक्स, फिक्स डिपॉझिट, दातांच्या दवाखान्यात 'फिक्स दात की कवळी?' पण विज्ञानात तो कुठे कुठे येतो याची यादी करायला बसलो तेव्हा दिसलं की प्रत्येक शाखेत त्याची छटा वेगळी आहे. छायाचित्र फिक्स करतात, ऊती फिक्स करतात, जहाजाची जागा फिक्स करतात, मोडलेलं हाड फिक्स करतात.

माझा अंदाज असा: या सगळ्यांच्या तळाशी 'स्थिर' नाही. 'निसटणारं धरून ठेवणे' आहे. नत्र हवेत मोकळा आहे, हाती लागत नाही. जिवाणू त्याला मातीत, मुळात धरून ठेवतात. रसायनाच्या दृष्टीने तो जास्त चळवळ्या झाला, पण आपल्या दृष्टीने जागेवर आला.

जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातला 'फिक्स' सांगावा. त्या मुलीला मला नीट उत्तर द्यायचं आहे.


गाठीमाती

सर, आमच्याकडे 'स्थिरीकरण' फक्त कृषी विभागाच्या पत्रकात असतं. रानात आम्ही म्हणतो, "गाठी हवेतला नत्र धरतात" किंवा "ओढतात". तुमच्या अंदाजाला माझं अनुमोदन.

आता सोयाबीन फुलावर आहे. मुलांना रानात घेऊन जा आणि झाड उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि मुलांना वाटतं झाडाला गाठीच नाहीत. मूळ पाण्यात हलवून धुवा, गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर ती गाठ काम करतेय. पांढरी असेल तर अजून लागलेली नाही, हिरवी-तपकिरी असेल तर म्हातारी झाली.

आणखी एक. पेरताना ज्याने भरमसाट युरिया टाकला त्याच्या रानात गाठी कमी दिसतील. झाडाला आयता नत्र मिळाला की ते जिवाणूंना घर बांधून देत नाही. मी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून चोळतो आणि सावलीत सुकवून लगेच पेरतो. उन्हात सुकवलं तर जिवाणू मरतात.


अंबाडीची_भाजी

गाठीतला तो गुलाबी रंग आपल्या रक्ताच्या नात्यातला आहे. त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन, म्हणजे शेंगवर्गातल्या झाडांचं हिमोग्लोबिन. नत्राचा बंध तोडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे नायट्रोजिनेज. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं, आणि ऑक्सिजन लागला की ते कायमचं निकामी होतं. पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला पकडून ठेवतं आणि मोजूनमापून पोचवतं. म्हणजे एका गाठीत दोन वायूंना धरून ठेवण्याचं काम एकाच वेळी चालू असतं. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे (पेशीत ऊर्जा वाहून नेणारे रेणू) निदान १६ रेणू खर्च होतात, आणि ती ऊर्जा झाड पानातल्या साखरेतून पुरवतं. फुकट काहीच नाही.

माणसाने हेच काम लोखंडाचा उत्प्रेरक, चार-पाचशे अंश तापमान आणि दीड-दोनशे वातावरणांचा दाब वापरून केलं. हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवलं, बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना उभा केला. त्याआधी १८९८ मध्ये विल्यम क्रुक्स यांनी ब्रिस्टलच्या भाषणात इशारा दिला होता की हवेतला नत्र फिक्स करायला रसायनशास्त्रज्ञ शिकले नाहीत तर गव्हाला खत पुरणार नाही. जिवाणू तेच काम वावराच्या तापमानाला करतो, हे मला आजही चमत्कारासारखं वाटतं.


शब्दवेडी

सर, प्रश्न सुरेख आहे, पण 'स्थिरीकरण'ला लगेच हद्दपार करू नका.

'स्थिर' शब्दात 'स्था' आहे, उभं राहणं, जागेवर राहणं. 'बुद्धी स्थिर नाही', 'सरकार स्थिर नाही', 'पाण्यात होडी स्थिर नाही' या तिन्ही वाक्यांत तो जागा न सोडण्याबद्दल बोलतोय. रसायनशास्त्र शिकवताना आपण 'सहज क्रिया न करणारा' या अर्थानेही तोच शब्द घेतला. इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन शब्द आहेत, 'फिक्स्ड' आणि 'स्टेबल'. मराठीत दोन्ही जागी 'स्थिर' बसवला. तुमच्या विद्यार्थिनीने नेमकी ती शिवण उसवून दाखवली. शब्द चुकीचा नाही, त्याच्यावर दोन कामं लादली आहेत ही अडचण आहे.


पाटीपेन्सिल

शब्दवेडीताई, हे फार उपयोगी आहे. म्हणजे तिला सांगायचं की इथे 'स्थिर'चा जुना अर्थ घ्यायचा. पण परीक्षेत 'स्थिर म्हणजे काय' असं विचारलं तर नववीचं पोर कुठला अर्थ लिहील? माझा कल अजून वेगळ्या शब्दाकडेच आहे.


अंधारखोली

माझं आयुष्य डार्करूममध्ये गेलं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे 'फिक्स' हा शब्द कमी, 'हायपो' (सोडियम थायोसल्फेट) जास्त. "हायपोत टाकला का?" म्हणजे फोटो फिक्स केला का. आधी डेव्हलपर, मग साधं किंवा ॲसिडचं पाणी, मग हायपो, मग वाहत्या पाण्यात भरपूर धुलाई. प्रकाश लागलेल्या जागी चांदी उमटते ती डेव्हलपरमध्ये. हायपो चांदीला हात लावत नाही. प्रकाश न लागलेलं, अजून प्रकाशाला भुकेलेलं जे चांदीचं लवण कागदावर उरलेलं असतं, त्याला विरघळवून काढून टाकतो. ते तसंच राहिलं तर दिवा लावल्यावर सगळा कागद काळा पडेल.

म्हणजे इथे चित्र पक्कं होतं ते काही घालून नव्हे, काढून. सरांच्या 'धरून ठेवणे'त हे कसं बसवायचं यावर मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं, निसटणारी गोष्ट इथे तो क्षण आहे. इंग्लंडमध्ये थॉमस वेजवूड यांनी चांदीच्या लवणावर आकृत्या उमटवल्या, १८०२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्याबद्दल लिहिलं. पण त्या टिकवता येईनात. मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडात पाहायच्या, नाहीतर काळ्या व्हायच्या. उमटलेलं चित्र बघतानाच नष्ट होतंय, हे दुःख काय असेल ते ज्याने डार्करूममध्ये चुकून दार उघडलं आहे त्यालाच कळेल. जॉन हर्शेल यांना १८१९ मध्येच माहीत झालं होतं की हायपोत चांदीची लवणं विरघळतात. १८३९ मध्ये छायाचित्रणाची बातमी आली तेव्हा त्यांनी ते ज्ञान तिथे लावलं आणि प्रश्न सुटला.

घरातले जुने लग्नाचे फोटो पिवळे-तपकिरी पडलेले असतात. पुष्कळदा त्याचं कारण धुलाई कमी पडली, हायपो कागदात राहिला. पक्कं करणारं रसायनच नंतर चित्र खातं. वापरलेला हायपो आम्ही ओतून देत नसू. त्यातली चांदी काढणारे लोक येऊन घेऊन जायचे.


काचपट्टी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमचा 'फिक्स' म्हणजे फॉर्मलिन.

शरीरातून काढलेला तुकडा त्या क्षणापासून सडायला लागतो. पेशींची स्वतःचीच विकरं पेशीला पचवू लागतात. फॉर्मलिन प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं, आणि सगळं जिथल्या तिथे अडकतं. फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये हा गुण दाखवला, आणि आजही जगभर तेच चालतं. बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग आणि नऊ भाग पाणी. नमुन्याच्या निदान दहापट द्रावण हवं. तासाला साधारण एक मिलीमीटर या वेगाने ते आत शिरतं, म्हणून मोठा तुकडा काप न देता टाकला तर बाहेरून पक्का आणि आतून सडका निघतो.

हे सगळं सांगण्यामागे एक सल आहे. एकदा एका दवाखान्यातून एका बाईंच्या स्तनातली गाठ साध्या सलाइनमध्ये घालून आमच्याकडे आली, तीही दुसऱ्या दिवशी. कापून रंगवली, काचेवर नुसती पुसट छाया. पेशी ओळखता येईनात. त्या बाईंना पुन्हा टेबलावर जावं लागलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर नमुना कशात ठेवलाय हे विचाराच. तो तुमचा हक्क आहे.

शब्दाबद्दल म्हणाल तर आमच्याकडे 'धरून ठेवणे' अगदी चपखल बसतं. पेशी मेलेली असते, पण जिवंतपणी जशी होती त्या रूपात धरलेली असते.


होकायंत्र

रत्नागिरीकर, २२ वर्षं मर्चंट नेव्हीत.

आम्ही 'फिक्स घेतो'. किनाऱ्यावरच्या ओळखीच्या दोन-तीन खुणांची दिशा मोजायची, नकाशावर त्या रेघा ओढायच्या, छेदतील तिथे जहाज. मुंबईत शिरताना खांदेरीचा कान्होजी आंग्रे दीप आणि कुलाब्यापुढचा प्राँग्स दीप या अशाच खुणा. तीन रेघा एका बिंदूत क्वचित मिळतात, मध्ये छोटा त्रिकोण उरतो. त्रिकोण मोठा आला की मोजण्यात चूक आहे हे समजायचं.

पण सर, जहाज त्या वेळी चालूच असतं! त्या बिंदूभोवती वर्तुळ काढून शेजारी वेळ लिहायची असा दंडकच आहे. वेळेशिवाय फिक्सला अर्थ नाही, कारण रेघ ओढून होईपर्यंत जहाज पुढे गेलेलं असतं. म्हणजे इथे जहाज स्थिर होत नाही, त्याच्याबद्दलचं आपलं ज्ञान एका क्षणापुरतं पक्कं होतं. अंधारखोलीकाकांचा क्षण आणि आमचा क्षण एकाच जातीचे.

मोबाईल 'लोकेशन शोधतोय' म्हणतो तेव्हा तोही फिक्सच शोधत असतो. त्याला निदान चार उपग्रह लागतात. तीन दिशांची तीन मापं आणि चौथा फोनच्या घड्याळाची चूक काढायला.

दीपगृहांच्या भाषेत 'फिक्स्ड' दिवा म्हणजे न लुकलुकता सलग जळणारा. तिथे मात्र 'स्थिर' शब्द शोभतो.


स्वाती_नक्षत्र

'स्थिर तारे' राहिले. ग्रह फिरतात आणि तारे आकाशाच्या घुमटात ठोकून बसवलेले, म्हणून 'फिक्स्ड स्टार्स'. सरांनी सांगितलेला खिळ्याचा मूळ अर्थ इथे अक्षरशः लागू होता. एडमंड हॅली यांनी १७१८ मध्ये दाखवलं की व्याध, स्वाती आणि रोहिणी प्राचीन ग्रीकांनी नोंदवलेल्या जागेवरून सरकलेले आहेत. स्वाती साधारण आठशे वर्षांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो. ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीतून दिसणारा स्वाती आणि आजचा स्वाती यांच्या जागेत जवळजवळ एवढं अंतर आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाबद्दल मी हे नेहमी सांगते, कारण ऐकणाऱ्यांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होतो.


दूरदेशी

ओहायोत राहतो. इथे 'फिक्स'चा पहिला अर्थ दुरुस्त करणे: नळ, गाडी, छप्पर. 'आय विल फिक्स डिनर' म्हणजे जेवण बनवणे. कुत्र्याला 'फिक्स' केलं म्हणजे त्याची नसबंदी केली, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत होतो की कुत्रा बिघडला कुठे होता. सरांच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी व्हिडिओ पाहून 'नायट्रोजन फिक्सिंग' म्हणजे नत्राची दुरुस्ती असं समजू नये, म्हणून लिहिलं.


वैद्यकुळी

'निसटणारं धरून ठेवणे' वाचून थांबलो, कारण आमच्या रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या शास्त्रात, याला शब्द आहे: बंध.

पाऱ्याच्या आठ नैसर्गिक दोषांत 'चांचल्य' आणि 'असह्याग्नी' हे दोन मोजले आहेत. चांचल्य म्हणजे एका जागी न थांबणं, असह्याग्नी म्हणजे आच सहन न होऊन उडून जाणं. संस्कारांनी जो पारा पळत नाही तो 'बद्ध'. युरोपातले किमयागारही उडून जाणाऱ्या पदार्थाला आगीत टिकेल असं करण्याला 'फिक्स' करणंच म्हणत. दोन्हीकडे माणसांना एकाच पदार्थाने सतावलं आणि दोन्हीकडे बांधण्याचीच कल्पना सुचली. (पाऱ्याची वाफ विषारी असते. घरी कुणी प्रयोग करू नये.)

म्हणून माझं मत 'नत्रबंधन'ला.


शब्दवेडी

'बंधन' म्हटलं की रासायनिक बंध डोळ्यापुढे येणार, आणि इथे तर त्रिबंध तुटतोय. एका गोंधळातून दुसऱ्यात जाऊ.


वैद्यकुळी

तुटतो तो नत्राचा नत्राशी असलेला बंध, जुळतो तो हायड्रोजनशी. बंधन आहेच. शिवाय रंगाच्या धंद्यात 'रंगबंधक' चालतो, तिथे कुणाचा गोंधळ होत नाही.


हिरडा_तुरटी

रंगबंधकाचं नाव निघालं म्हणून आले. मी नैसर्गिक रंगांनी सुती कापड रंगवते. मंजिष्ठा नुसती लावली तर दोन धुण्यांत उतरते. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात, आणि मग रंगात. हिरड्यातलं टॅनिन सुताला धरतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला धरतं आणि रंगाचा रेणू ॲल्युमिनियमला. एकमेकांचा हात धरून उभी राहिलेली साखळीच. माझा हिरडा जुन्नरकडून येतो.

आम्ही म्हणतो "रंग बसला" किंवा "रंग पक्का झाला". 'स्थिर झाला' असं कुणी म्हणत नाही.


काचपट्टी

"बसला" फार आवडला.


चुन्याची_निवळी

रसायनाचा निवृत्त प्राध्यापक. नत्राच्या आधी कर्बाचा (कार्बनचा) मान आहे, तो राहू नये.

एडिनबराच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात मॅग्नेशिया आणि चुनखडीवर काम केलं. चुनखडी भाजली की तिचं वजन घटतं. घटलेलं वजन म्हणजे दगडात अडकून बसलेली 'हवा', आणि तिला ते 'फिक्स्ड एअर' म्हणत. आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. दगडात हवा कोंडलेली असू शकते ही कल्पना त्या काळी केवढी नवी असेल!

सर, तुमच्या वर्गासाठी प्रयोग: चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायला सांगा, निवळी दुधाळ होईल. मुलांच्या श्वासातला वायू पुन्हा खडूसारखा घट्ट झाला, फिक्स झाला. निवळी तोंडात जाऊ देऊ नका. भिंतीला दिलेला चुना दिवसेंदिवस घट्ट होत जातो तोही हवेतला हाच वायू धरून. भट्टीत जे सोडलं ते भिंतीवर परत मिळवलं.

आणि पानं हेच करतात. भात, गहू यांच्यात कर्ब प्रथम तीन कर्ब-अणू असलेल्या रेणूत धरला जातो. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांच्यात चार कर्ब-अणू असलेल्या. ही चार अणूंची वाट उसावरच्या कामातून उलगडली, आधी हवाईत आणि मग १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांच्याकडून. कडक उन्हात आणि कमी पाण्यात ज्वारी तग धरते त्यामागे कर्ब धरण्याची ही जास्त काटकसरी रीत आहे. तुमच्या बार्शीची मालदांडी ज्वारी या रीतीचीच.


होकायंत्र

अवांतर : २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही फिक्स झाला आहे, पण वेगळ्या अर्थाने. पूर्वी तो पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा तुकडा होता. आता प्लांकच्या स्थिरांकाची (निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीची) संख्या ठरवून टाकली आणि किलोग्रॅम तिच्यावरून काढतात. इथे 'फिक्स' म्हणजे नेमून देणे. 'तारीख फिक्स'च्या जवळचा अर्थ.


पाटीपेन्सिल

सगळ्यांचे प्रतिसाद छापून शिक्षकखोलीत लावले आहेत.

शनिवारी वर्ग रानात नेला. खुरप्याने झाडं काढली, मुळं बादलीत धुतली, प्रत्येकाने एक गाठ फोडली. लालसर रंग दिसल्यावर पोरं ओरडलीच. बांधालगतच्या दोन झाडांना गाठी जवळजवळ नव्हत्या. चौकशी केली तर युरियाची पोती तिथेच फोडली होती.

परत येताना त्या मुलीला विचारलं, आता स्थिरीकरण म्हणजे काय लिहिशील? तिने वहीत लिहून दाखवलं: "हवेत मोकळा असलेला नत्र गाठीतले जिवाणू मुळात धरून ठेवतात. तो झाडाला वापरता येतो. इथे स्थिर म्हणजे जागेवर धरलेला, कमी क्रिया करणारा नव्हे." शब्दवेडीताई, तुमचा शब्द तिने ठेवला. वैद्यबुवा, 'धरून' मात्र वाक्याच्या मध्यभागी आहे.

तिचा पुढचा प्रश्न: "सोयाबीन काढल्यावर तो धरलेला नत्र कुठे जातो?" गाठीमाती, हा तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.


गाठीमाती

तिला सांगा, बराचसा दाण्यात जातो आणि दाण्याबरोबर आडतीवर. उरलेला मुळात आणि गळलेल्या पानात राहतो. म्हणून आम्ही सोयाबीन उपटत नाही, विळ्याने बुडातून कापतो. मुळं जमिनीतच कुजतात आणि पाठीमागून येणाऱ्या ज्वारीला थोडा आधार मिळतो. पण परतीच्या पावसात पाणी साचून रान चिभडलं, तर मातीतले दुसरे जिवाणू तोच नत्र सोडवून परत हवेत पाठवतात. गेल्या वर्षी ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात आमचं तसंच झालं, यंदा तिथे चर काढलाय. रब्बीत ज्वारी गुडघ्याएवढी झाली की तिला घेऊन या. चराच्या दोन्ही बाजूंच्या पानांचा रंग तिने स्वतःच ताडून बघावा.